रंगभूमीवरील बंड आणि मतदारयादी

स्त्रियांच्या मताधिकारावर मराठीत नाटक कोणते, असा प्रश्न केला तर जाणता रसिक क्षणभर थबकेल आणि मग कृ. प्र. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' या नाटकाचे नाव घेईल. हे नाटक १९०७ सालचे. त्याच वर्षी लंडनच्या कोर्ट थिएटरात एलिझाबेथ रॉबिन्स या लेखिकेचे 'व्होट्स फॉर विमेन' रंगभूमीवर आले. ही दोन नाटके शेजारी ठेवून पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

खाडिलकरांनी प्रमिलेच्या स्त्रीराज्याची पुराणकथा घेतली. अर्जुन येतो आणि बंडाची सांगता विवाहात होते. गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' लिहून त्यास उत्तर दिले. स्त्रीने नाटकाला नाटकानेच जबाब द्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि वाद राहिला तो स्त्री आणि पुरुष यांच्यामधलाच. रॉबिन्सबाईंनी मात्र दुसरा अंक थेट ट्रफॅल्गार चौकातील जाहीर सभेत नेला. मताधिकाराच्या लढ्यात खरा प्रतिपक्ष पती नव्हे, कायदा असतो. आणि कायद्याशी लग्न लावून भांडण मिटवता येत नाही!

आमच्याकडे हा लढा रंगमंचाबाहेरच झाला. रमाबाई रानडे यांनी त्यासाठी मुंबई इलाख्यात खटपट केली. तेथील कायदेमंडळाने १९२१ साली स्त्रियांस मताधिकार दिला. आमच्या मध्यप्रांतात तो १९२७ साली आला. पुढे जबलपूरच्याच सुभद्राकुमारी चौहान प्रांतिक विधानसभेत जाऊन बसल्या. अर्ज, सभा आणि ठराव यांत नाट्य कोठले, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर पुढील प्रसंगात आहे.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच त्यांची ओळख होती. त्यांतल्या पुष्कळ जणी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्यभारत आणि जबलपूरला लागूनच असलेल्या तेव्हाच्या विंध्यप्रदेशातील होत्या. दारात यादी घेऊन उभा कारकून आणि पडद्याआडून 'मुलाची आई' एवढेच उत्तर! या प्रवेशात खलपुरुष कोणी नाही. कारकून कर्तव्यदक्ष, नियम न्याय्य, स्त्री मर्यादशील. आणि तरीही एक मत बुडते. शोकांतिकेस याहून अधिक काय हवे?

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मतदान केंद्रावर दिवस काढले आहेत. पुण्या-मुंबईच्या नाटककारांस न दिसलेले हे नाट्य त्यांच्या नजरेखालून गेले असेल. ते त्यांनी लिहावे. त्याच्या शेवटी विवाह नको, भाषणही नको. एका स्त्रीने स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारावे आणि पडदा पडावा, एवढे पुरे.