पुसली न जाणारी वेळ

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एस.टी. स्थानकात प्रवासी आधी वेळापत्रकाचा फलक वाचतो आणि मग चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन विचारतो, "गाडी लागली का?" फलकावर नेहमीची वेळ असते, आजच्या गाडीची नसते. ही उणीव इलेक्ट्रॉनिक कागदाचे फलक भरून काढतील, असे सांगितले जाते. हा दावा आपण तपासून पाहू.

या फलकात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. कुपीतील द्रवात पांढरे कण टिटॅनियम डायऑक्साइडचे आणि काळे कण कार्बनचे असतात. त्यांच्यावरील विद्युतभार परस्परविरुद्ध असतात. विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे खाली जातात. दाब काढून घेतला तरी कण जागा सोडत नाहीत. म्हणून वीज खर्च होते ती मजकूर बदलतानाच. फलक कागदाप्रमाणे प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे भर उन्हातही तो स्वच्छ वाचता येतो. रात्री मात्र दिवा लागतो. असे कागद बनवणारी ई इंक कंपनी १९९७ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मधील संशोधनातून निघाली. लंडन आणि बॉस्टन येथील थांब्यांवर या फलकांच्या चाचण्याही झाल्या आहेत.

आमचा आक्षेप आहे तो नेमका या गुणावरच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले आणि रस्ते बंद झाले. अशा वेळी वीज आणि संदेशवहन दोन्ही खंडित होऊ शकतात. एल.ई.डी.चा फलक वीज जाताच काळा पडतो. तो बंद आहे, हे कोणालाही कळते. इलेक्ट्रॉनिक कागद मात्र शेवटची वेळ तशीच दाखवत राहतो. न सुटणाऱ्या गाडीची वाट पाहत प्रवासी तिष्ठत बसेल.

यावर उपाय आहे. माहिती किती वाजताची आहे, हे फलकावर ठळक दिसावे. संपर्क तुटला तर फलक कोरा करण्यापुरती वीज बॅटरीत राखून ठेवावी. पण गाडी कराडला अडकल्याची खबर स्थानकापर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच नसेल, तर हा महागडा फलक रंगवलेल्या फलकाहून वेगळे काहीच सांगणार नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या स्थानकावर आठवडाभर दोन रकाने भरून घ्यावेत: फलकावरील वेळ आणि गाडी सुटल्याची प्रत्यक्ष वेळ. नवा फलक लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर या नोंदी ताडून पाहिल्या, तरच त्याचा उपयोग किती झाला ते ठरवता येईल.