बाजारातला मुलगा आणि समीक्षक

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा 2010 चा हॉलिवूडपट जॉर्डन मेकनर यांच्या व्हिडिओ गेमवरून काढलेला. अमेरिकी समीक्षकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. कथा पातळ, उड्या फार, असा एकंदर सूर. रॉजर ईबर्ट यांनी चारांपैकी दोन तारे दिले. आलामुत नगरीवरच्या स्वारीत काहींना इराकचे युद्ध दिसले : शत्रूला शस्त्रे पुरवल्याचा आरोप, त्यावरून स्वारी, आणि आरोपच खोटा. ते दिसणे बरोबर आहे.

जोराचा आक्षेप आला तो पात्रयोजनेवर. इराणी राजपुत्र म्हणून गोरा जेक जिलेनहाल, आणि कपटी चुलता निजाम म्हणून बेन किंग्सली, ज्यांचे जन्मनाव कृष्णा भानजी. (1982 मध्ये हेच गांधी झाले होते.) आक्षेप रास्त आहे. नायकाला कोणाचा चेहरा द्यायचा आणि खलनायकाला कोणाचा, हे ठरवणारे कोण, असे विचारलेच पाहिजे. पण चेहऱ्यापाशीच थांबणारी ही समीक्षा मला अपुरी वाटते.

2003 च्या गेममधला नायक जन्मानेच राजपुत्र आहे. चित्रपटाने त्याला रस्त्यावरचा अनाथ केले. बाजारात तो दुसऱ्या मुलाला वाचवायला धावतो, शिपायांच्या हाती सापडतो. राजा त्याचे धाडस पाहतो आणि मुलगा मानून त्याला वाड्यात नेतो. म्हणजे जन्माचा प्रश्न पटकथेने आपणहून उचलला, आणि लगेच राजाच्या दयेच्या हवाली करून टाकला. पुढे काळ मागे फिरवणारा खंजीर येतो. त्याने राजाचा खूनसुद्धा पुसला जातो. बाजार मात्र होता तसाच राहतो, आणि मी वाचलेल्या परीक्षणांतही त्या बाजाराकडे कोणी परतत नाही. उद्या इराणी नट घेऊन हाच चित्रपट पुन्हा काढला, तर पात्रयोजनेचा वाद मिटेल. राजा तेव्हाही एकच मुलगा उचलील. दुर्योधनाने कर्णाला अंगदेश दिला, त्याने सूतांच्या किती घरांची स्थिती पालटली?

मी घरातला पहिला पदवीधर. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो,' ही शाबासकी मी प्राध्यापकांच्या खोलीत ऐकलेली आहे. ती देणाऱ्याचा चेहरा प्रेमळच होता. चित्रपटातल्या राजाचाही आहे.