मनोऱ्यांचे जतन आणि वारसांचा प्रश्न : जैराख-अस्सा संग्रहालय-संरक्षित क्षेत्र

कॉकेशस पर्वताच्या उत्तर उतारावर, रशियन संघराज्यातील इंगुशेतिया प्रजासत्ताकात, अस्सा व आर्मखी नद्यांच्या खोऱ्यांत मध्ययुगीन दगडी मनोऱ्यांची अनेक गावे उभी आहेत. त्यांच्या रक्षणासाठी सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस, १९८८ साली, जैराख-अस्सा संग्रहालय-संरक्षित क्षेत्राची स्थापना झाली. वस्तू उचलून काचेच्या कपाटात ठेवण्याऐवजी संपूर्ण परिसरच संग्रहालय मानावयाचा, ही त्यामागील भूमिका होय. तिचे मोल एर्झी गावावरून ध्यानात येते. एर्झी म्हणजे गरुड. तेथे मिळालेले आठव्या शतकाच्या अखेरचे गरुडाकृती कांस्यपात्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मनोरे मात्र एर्झीतच राहिले.

इंगुश भाषेत राहत्या मनोऱ्यास ‘गाला’ व लढाऊ मनोऱ्यास ‘वोव’ म्हणतात. वोव उंच व निमुळता असून त्याचे प्रवेशद्वार वरच्या मजल्यावर असते. शिडी ओढून घेतली की वाट बंद. लोकपरंपरेनुसार मनोरा वर्षभरात पूर्ण झाला नाही तर ते कूळ दुर्बळ समजले जाई. म्हणजे मनोरा हा राजसत्तेचा किल्ला नव्हे, ती कुळाची पत होती. आजही अनेक कुळे एगिकाल, तार्गिम अशा गावांवरून ओळखली जातात.

येथेच या संरक्षित क्षेत्रामागील विसंगती उघड होते. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टालिनच्या राजवटीने संपूर्ण इंगुश व चेचेन समाजास मध्य आशियात हद्दपार केले. १९५७ पासून लोक परतले. परंतु डोंगरातील बहुतेक गावे पुन्हा वसली नाहीत. ज्या राज्यसंस्थेने गावे रिकामी केली, तिनेच पुढे त्या रिकामेपणास वारशाचा दर्जा दिला. पर्यटकास वोव्नुश्कीच्या कड्यावरील मनोऱ्यांभोवतीची शांतता रमणीय वाटते, पण ती निसर्गदत्त नाही.

या पार्श्वभूमीवर स्थानिक युवकांच्या सहभागाचा विचार व्हावयास हवा. सफाई मोहिमा, शालेय सहली हे उपक्रम स्तुत्य असले तरी त्यांत युवक बहुधा बिनमोल श्रमिक किंवा प्रेक्षक ठरतो. मैदानी नाझ्रानमधून येणारा विद्यार्थी ज्या भिंतीलगतचे गवत काढतो, ती त्याच्या पणजोबांच्या घराचीही असू शकते. अशा वेळी त्यास केवळ स्वयंसेवक म्हणणे अपुरे आहे. दगडकामाचे पारंपरिक तंत्र शिकणे, डागडुजीबाबतच्या निर्णयात मत देणे, कोणता मनोरा कोणत्या कुळाचा याच्या आठवणी टिपणे, ही कामे त्याच्याकडे यावयास हवीत. नव्या चुन्याने भिंत सावरता येते, आठवणींचे तसे नाही. हद्दपारीपूर्वी त्या डोंगरांत जन्मलेली माणसे आज ऐंशी वर्षांपलीकडे आहेत.