मोफत की मुक्त? : महाविद्यालयीन ग्रंथालयांतील मुक्त स्रोत प्रणालींच्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संगणकीकरणावर गेल्या दोन दशकांत पुष्कळ लेखन झाले आहे. त्यात मुक्त स्रोत प्रणालींचे समर्थन बहुधा एकाच मुद्द्यावर केलेले आढळते : या प्रणाली विकत घ्याव्या लागत नाहीत. हे समर्थन अपुरे आहे, किंबहुना काही अंशी दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखात मांडले आहे. केवळ किंमत पाहून स्वीकारलेली प्रणाली ग्रंथालयाला स्वायत्त करीत नाही. एक अवलंबित्व जाऊन त्याच्या जागी दुसरे येते, इतकेच.

मोफत आणि मुक्त यांतील भेद

मराठीने 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. व्यवहारात मात्र आपण तो भेद पुसून टाकला. युनेस्कोने १९८५ मध्ये लहान संगणकांसाठी उपलब्ध केलेली 'सीडीएस-आयसिस' ही प्रणाली भारतातील अनेक ग्रंथालयांनी वापरली. ती मोफत होती. परंतु तिची मूळ आज्ञावली वापरणाऱ्यांच्या हाती नव्हती. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने विकसित केलेली 'सोल' माफक किमतीत मिळते व उपयुक्तही आहे. तथापि ती मुक्त स्रोत नव्हे. कोहा, डीस्पेस व ग्रीनस्टोन यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची मूळ आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. किंमत नसणे हे या अधिकाराचे केवळ उपफल होय.

कोहाचा जन्मही या दृष्टीने बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. तेव्हा ट्रस्टने कातिपो कम्युनिकेशन्सकडून १९९९ मध्ये नवी प्रणाली करवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली व सर्वांसाठी खुली करण्यात आली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाणीव सोबत बाळगणारी भेट. आपण भेट घेतली. परतफेडीचा भाग मात्र सोडून दिला.

प्रत्यक्षातील वापर

प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात काम करीत होता, तेथे पूर्वी एका खाजगी कंपनीची प्रणाली होती. कंपनी बंद पडली आणि ग्रंथनोंदी त्या प्रणालीतच अडकल्या. त्या बाहेर काढण्याची सोय नव्हती. दाखल नोंदवही समोर ठेवून सर्व नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. या अनुभवानंतर कोहा आणण्यात आली. ती बाहेरच्या तंत्रज्ञाने बसवून दिली, देवघेव सुरू झाली आणि सर्वांनी समाधान मानले. काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीने मराठी कादंबरीचे शीर्षक देवनागरीत टंकित करून शोध घेतला. उत्तर आले, 'एकही नोंद नाही'. ग्रंथ मात्र फडताळात होता आणि त्याची नोंदही देवनागरीत झालेली होती.

कारण तांत्रिक असले तरी किरकोळ होते. कोहामध्ये शोधासाठी 'झेब्रा' हे अनुक्रमण-साधन वापरले जाते. त्यातील अक्षरांच्या जुन्या तक्त्यावर आधारलेली रचना रोमन लिपीला सोयीची आहे. देवनागरीसाठी 'आयसीयू' हा पर्याय निवडून नोंदींचे अनुक्रमण पुन्हा करावे लागते. हा पर्याय प्रणालीतच उपलब्ध होता. तो आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. बंद प्रणालीत असा दोष कंपनीच्या मर्जीवर राहतो. येथे दुरुस्तीचा अधिकार आमच्याकडे होता आणि तरीही आम्ही वाचकाला 'ग्रंथ नाही' असे सांगत होतो. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या सूत्राचा याहून उघड भंग कोणता?

अनेक ग्रंथालयांत यावर उपाय म्हणून मराठी शीर्षके रोमन लिपीत भरली जातात. 'श्यामची आई' हे शीर्षक रोमन लिपीत दोन कर्मचारी दोन प्रकारे लिहितात आणि वाचक तिसऱ्याच प्रकारे शोधतो. वास्तविक मार्क २१ या नोंदप्रमाणात मूळ लिपीतील रूप देण्यासाठी ८८० हे स्वतंत्र क्षेत्र आहे. तेव्हा अडचण प्रमाणाची नाही, ते वापरण्याच्या सवयीची आहे.

मूल्यांकन आणि खर्च

या अनास्थेस मूल्यांकनाची पद्धतीही काही प्रमाणात जबाबदार आहे. २०१७ मध्ये नॅकने सुधारलेल्या पद्धतीत प्रणालीचे नाव, आवृत्ती, संगणकीकरणाचे वर्ष व ते पूर्ण की अंशतः, ही माहिती मागविण्यात आली. हे रकाने भरले की प्रश्न मिटला, अशी समजूत होते. वाचकाला मराठी ग्रंथ सापडतो काय, हे त्या रकान्यांत कळत नाही.

खर्चाबाबतही स्पष्टपणे बोलले पाहिजे. परवान्याचे पैसे वाचतात. परंतु सर्व्हर, वीज, नोंदींच्या सुरक्षित प्रती आणि लिनक्स जाणणारी व्यक्ती यांसाठी तरतूद लागतेच. कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते व जुन्या आवृत्तींची देखभाल कालांतराने थांबते. एकदा बसवून वर्षानुवर्षे न बदललेली प्रणाली सुरक्षित म्हणता येत नाही. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाच्या मदतीस पुरेसे कर्मचारी नाहीत, तेथे 'ही प्रणाली फुकट आहे' असे म्हणणे म्हणजे तिचा खर्च ग्रंथपालाच्या वेळेत वसूल करणे होय.

काही सूचना

१. वर्षातून एकदा सर्व नोंदी मार्क स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नोंदी खरोखर आपल्या ताब्यात आहेत काय, हे त्यावरून कळेल.

२. मराठी ग्रंथांची नोंद देवनागरीत युनिकोडमध्ये करावी व शोधाची चाचणी विद्यार्थ्यांकडूनच घ्यावी.

३. परिसरातील महाविद्यालयांनी तांत्रिक देखभालीची सामायिक व्यवस्था करावी. संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापकांचा त्यात सहभाग असावा.

४. कोहाचे भाषांतर स्वयंसेवक करतात. मराठी भाषांतरात भर घालणे व आढळलेले दोष विकसकांना कळविणे, ही परतफेड आपल्या आवाक्यातील आहे.

निष्कर्ष

मुक्त स्रोत प्रणाली स्वीकारावी की नाही, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. ती स्वीकारलीच पाहिजे. मात्र परवान्याने दिलेला अधिकार वापरण्याचे ज्ञान व त्यासाठीचा वेळ संस्थेने ग्रंथपालाला दिला नाही, तर तो अधिकार कागदावरच राहतो. प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथालयाच्या तालिकेत आपल्याच विषयाचा एक मराठी ग्रंथ देवनागरीत शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर ग्रंथपालाला दोष देण्याआधी त्याला काय दिले गेले आहे, याची चौकशी करावी.