कोपरा, खेळ आणि नियम : उच्च प्राथमिक वर्गातील खेळपद्धतीचे परीक्षण

१

वर्गात विषयवार कोपरे मांडावेत, विद्यार्थ्यांनी गटागटाने तेथे जाऊन स्वतःच्या गतीने काम करावे आणि पाठाचा काही भाग तरी खेळाच्या रूपाने त्यांच्या हाती यावा, हा विचार आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने (कलम २९) कृती, शोध आणि अन्वेषण यांच्या द्वारे अध्ययन व्हावे असे सांगितले. २०१५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शिक्षण परिषदांतून खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोचला. वर्गांच्या फरशा रंगल्या, भिंतींवर तक्ते चढले, ‘गणित कोपरा’ व ‘भाषा कोपरा’ अशा पाट्या लागल्या. ह्या चळवळीने शाळांचे रूप पालटले हे मान्य केलेच पाहिजे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्यापुढील आहे. इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत ह्या कोपऱ्यांनी व खेळांनी नेमके काय साधते, आणि ते साधले की नाही हे कोणत्या कसोटीवर ओळखावे?

हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का विचारावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, खेळ आणि भाषा ह्या दोहोंचा प्राण एकच आहे. तो म्हणजे नियम. फर्दिनां द सोस्यूर ह्यांच्या व्याख्यानांचा जो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. सोंगट्या हस्तिदंती असोत की लाकडी, डावात काही फरक पडत नाही. सोंगट्यांची संख्या मात्र कमीअधिक केली तर खेळाचे व्याकरणच बदलते. आपल्या शाळांतील खेळपद्धतीचे परीक्षण करताना हाच विवेक उपयोगी पडतो. आपण सोंगट्यांची चिंता फार केली. नियमांची चिंता फारशी केली नाही.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. इंग्रजी शिक्षणग्रंथांतील ज्या संज्ञेवरून ही कल्पना आपण घेतली, तिचे शब्दशः भाषांतर ‘अध्ययन-केंद्र’ असे होते. परंतु आपल्या शालेय व्यवस्थेत ‘केंद्र’ हा शब्द आधीच गुंतलेला आहे. केंद्रशाळा, केंद्रप्रमुख, परीक्षा-केंद्र अशा शब्दांत तो अधिकाराचा व प्रशासनाचा वाचक झाला आहे. त्यामुळे व्यवहारात ‘कोपरा’ हा शब्द रूढ झाला. शब्द सोपा आहे आणि घरगुतीही आहे. तथापि शब्द आपल्याबरोबर आपला अर्थही घेऊन येतो. जे वर्गाच्या मध्यभागी असावयाचे ते खरोखरच कोपऱ्यात गेले. फळा, पुस्तक व स्वाध्याय हे वर्गाचे मुख्य काम ठरले. कोपरा म्हणजे ज्याचे काम लवकर आटोपले त्याने जाण्याची जागा, किंवा पाहुणे येणार असले की साहित्य मांडून ठेवण्याची जागा. हिंगोली जिल्ह्यातील काही वर्गांत बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. अशाच एका सातवीच्या वर्गात गणिताचे सर्व साहित्य कुलूपबंद कपाटात नीट जपून ठेवलेले होते. साहित्य हरवले तर जाब द्यावा लागतो, असे शिक्षकांनी सांगितले. त्यात त्यांचा दोष नव्हता. वस्तूची नोंद साठा-नोंदवहीत होते; खेळातून झालेल्या विचाराची नोंद कोठेच होत नाही.

३

ह्या परिस्थितीस एक ऐतिहासिक कारणही आहे. खेळातून शिक्षणाची आपली परंपरा मुख्यतः बालशिक्षणाची परंपरा आहे. फ्रबेलने १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेले कार्य, माँटेसोरी ह्यांनी १९०७ मध्ये रोममध्ये उघडलेले बालगृह, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ मध्ये स्थापिलेला नूतन बालशिक्षण संघ, १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ ह्यांनी केलेले प्रयोग, ही सर्व कामे प्रामुख्याने लहान बालकांसाठी होती. त्या वयात वस्तू हाताळणे हेच शिकणे असते. मणी, ठोकळे, वाळूची अक्षरे ह्यांना तेथे मूळचे स्थान आहे. आपण ही परंपरा वरच्या वर्गांत नेली, ती मात्र वस्तूंसह नेली. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला खेळात काय हवे असते ह्याचा वेगळा विचार केला नाही.

तो विचार उपलब्ध होता. झाँ पियाजे ह्यांनी मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला आहे. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना खेळाइतकाच किंबहुना अधिक रस खेळाच्या नियमांत वाटू लागतो. ती नियमांचे बारकावे ठरवितात, अपवाद कल्पितात, त्यांवर वाद घालतात, असे त्यांना दिसून आले. व्हिगॉट्स्की ह्यांनी १९३३ मधील एका व्याख्यानात असे प्रतिपादिले की, लहान मुलाच्या खेळात काल्पनिक प्रसंग उघड असतो व नियम त्यात लपलेला असतो. वय वाढते तसा नियम उघड होतो आणि कल्पना आत जाते. म्हणजे उच्च प्राथमिक वर्गाचे वय हे नियमाचे वय आहे. ज्याने सुटीत लगोरीच्या किंवा आट्यापाट्यांच्या मैदानावरील भांडण ऐकले आहे, त्याला ह्यासाठी पाश्चात्य पंडितांची साक्ष काढावी लागणार नाही.

४

येथून आपली कसोटी निघते. कोणत्याही शैक्षणिक खेळाविषयी एकच प्रश्न विचारावा : जे शिकवावयाचे ते खेळाच्या नियमाच्या आत आहे की बाहेर?

सापशिडीचा एक पट घ्या. प्रत्येक घरात व्याकरणाचा एक प्रश्न लिहिला आहे. उत्तर बरोबर आले तर फासा टाकावयास मिळतो. असे पट पुष्कळ शाळांत दिसतात. येथे व्याकरण नियमाच्या बाहेर आहे. प्रश्न व्याकरणाऐवजी इतिहासाचे किंवा आरोग्याचे लिहिले तरी खेळात तिळमात्र फरक पडत नाही. साप व शिडी तीच, नशीबही तेच. मुलाच्या दृष्टीने व्याकरण हा वाटेतील जकातनाका होय. तो ओलांडला की खरा खेळ सुरू होतो.

आता दुसरा खेळ घ्या. एका गड्डीत नामे आहेत : घोडा, विहीर, पाणी, दगड, शाळा. दुसऱ्या गड्डीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये आहेत. दोन पत्ते जोडून शब्द उच्चारावयाचा आणि प्रतिपक्षाने तो मान्य केला तरच डाव आपला. ‘घोडा’ व ‘वर’ मिळून ‘घोड्यावर’ होते, ‘विहीर’ व ‘त’ मिळून ‘विहिरीत’, ‘पाणी’ व ‘ने’ मिळून ‘पाण्याने’. येथे सामान्यरूप हीच खेळी आहे. ते काढून घेतले तर खेळ उरत नाही. शिवाय चार-सहा डावांनंतर मुले स्वतःच विचारू लागतात की, ‘दगड’चे ‘दगडा’ होते, मग ‘शाळा’चे ‘शाळे’ का होते? आकारान्त नामांतही ‘घोडा’ एका वाटेने व ‘शाळा’ दुसऱ्या वाटेने का जाते? लिंगाचा संबंध येथे त्यांच्या ध्यानात येतो. व्याख्या पाठ करून जो नियम हाती लागत नाही, तो डाव जिंकण्यासाठी त्यांना शोधावा लागतो.

ह्या खेळाचे मोल आपल्या भागात विशेष आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ ह्या पाचही तालुक्यांतील वर्गांत घरी मराठवाडी बोली, दखनी किंवा तांड्यावरील बंजारा बोली बोलणारी मुले शेजारीशेजारी बसलेली आढळतात. दखनीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘ते पाणी’ हा प्रयोग त्या मुलास सहज येत नाही. फळ्यावरील पाठात त्याची ही अडचण ‘चूक’ म्हणून लाल शाईने दाखविली जाते. पत्त्यांच्या खेळात तीच अडचण वादाचा विषय होते आणि मराठी घरातून आलेल्या मुलालाही आपण ‘ते’ का म्हणतो ह्याचे उत्तर शोधावे लागते. ह्या प्रदेशास शाळेची भाषा व घराची भाषा ह्यांतील अंतर नवे नाही. १९४८ पूर्वी निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते, आणि मराठी मुले त्या अंतराखाली मुकी होत. माध्यम बदलले म्हणून मुकेपणा सर्वांचाच संपला असे मानण्याचे कारण नाही.

५

नियम आत असलेला खेळ विकतच आणावा लागतो असे नाही. महाराष्ट्राच्या अनेक भागांत विटीदांडूच्या खेळात विटी जेथे पडते तेथपासून दांडूने अंतर मोजतात. ते मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे शब्द येतात. पुढील शब्द स्थळपरत्वे बदलतात. शब्द संपले की पुन्हा ‘वकट’पासून आरंभ होतो, आणि मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्याप्रमाणे पुढचा टोला कसा मारावयाचा हे ठरते. हा भागाकारातील बाकीचाच विचार होय. भागाकार किती आला ह्याला महत्त्व नाही, बाकी काय उरली हे महत्त्वाचे. तसेच हे शब्द तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ ह्या संख्यावाचकांच्या उघडच जवळचे आहेत. गणित आणि भाषासंपर्काचा इतिहास असे दोन विषय एका दांडूच्या टोकावर उभे आहेत. सहावीच्या मुलांनी आपापल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून हे शब्द गोळा करून आणावेत, त्यांतील फरक मांडावेत व शेजारच्या भाषेतील शब्दांशी ताडून पाहावेत. हा एक उत्तम भाषा-कोपरा होईल आणि त्यास कपाट लागणार नाही.

दुसरे उदाहरण पाहिलेले आहे. सातवीच्या एका वर्गात शिक्षकांनी ‘मोंढा’ मांडला होता. हळदीचा बाजार हिंगोलीच्या मुलांना घरचाच. एक शेतकरी, दोघे व्यापारी, एक मापाडी आणि एक पट्टी लिहिणारा असा गट. लिलाव व्हावयाचा, माल तोलावयाचा, हमाली व तोलाई वजा करून पट्टी करावयाची. दशांश अपूर्णांक व शेकडेवारी ह्या खेळात आपोआप होती, कारण त्यांच्यावाचून पट्टी होत नाही. खेळ तिसऱ्या पट्टीवर अडला. पोत्याचे वजन केव्हा वजा करावयाचे, ह्यावर वाद झाला. एक मुलगी, जी तोवर गप्प होती, ती म्हणाली, “पोत्याचं वजन आदी काढाव लागतंय की, मंग पैसे.” व्यापाऱ्याच्या भूमिकेतील मुलगा म्हणाला, “कामून? तसा नियम कुठं लिवलाय?” तेव्हा शिक्षकांनी उत्तर दिले नाही. नियम लिहून द्या, एवढेच त्यांनी सांगितले. गटाने तीन वेळा खोडून शेवटी लिहिले : ‘जर माल पोत्यासह तोलला असेल, तर आधी पोत्याचे वजन वजा करावे व उरलेल्या वजनावर भावाचा हिशोब करावा.’

ह्या एका वाक्याकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. ‘जर-तर’ची रचना, ‘असेल’ हे संकेतार्थाकडे झुकणारे रूप, ‘करावे’ हा विध्यर्थ, ‘तोललेला’ न म्हणता ‘तोलला असेल’ म्हणण्याचा नेमकेपणा, हे सर्व बोलीतील संभाषणात क्वचित लागते. पाठ्यपुस्तकातील विज्ञान, भूगोल व नागरिकशास्त्र मात्र ह्याच रचनांनी भरलेले असते. उच्च प्राथमिक वर्गात मुले मागे पडू लागतात त्याचे एक मोठे कारण असे की, अटी, अपवाद व कार्यकारण सांगणारी ही प्रमाण गद्यभाषा त्यांच्या स्वतःच्या कोणत्याही गरजेतून आलेली नसते. नियमावरील वाद ही गरज निर्माण करतो. बोलीत मांडलेला मुद्दा, त्याला झालेला विरोध आणि त्यातून लिहून काढलेले प्रमाण वाक्य, असा येथे क्रम आहे. बोली ह्यात हीन ठरत नाही. विचार तिच्यातच झाला. प्रमाण भाषा त्या विचाराला सर्वांसाठी बांधून ठेवते.

६

ह्या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. पाठ्यक्रम पुरा करावयाचा असता एका पट्टीवर अर्धा तास घालविणे परवडेल काय? प्रत्येक घटकास असा खेळ नको, हे उत्तर होय. सत्रात तीन-चार खेळ, पण नियम लिहून काढण्यापर्यंत नेलेले, हे रोजच्या दहा मिनिटांच्या खेळांपेक्षा अधिक फलदायी होतील.

दुसरा आक्षेप संख्येचा. उच्च प्राथमिक वर्गास पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्याने घातले आहे. प्रत्यक्षात कोठे गर्दी, तर कोठे दोन इयत्ता एका शिक्षकाकडे. परंतु दोन इयत्ता एकत्र असलेल्या वर्गातच कोपऱ्याची खरी गरज आहे, कारण शिक्षक एका इयत्तेशी बोलत असताना दुसरीला स्वतःच्या बळावर चालणारे काम हवे असते. नियम आत असलेला खेळच असा शिक्षकावाचून चालतो. प्रश्नोत्तरांच्या सापशिडीला उत्तर तपासणारा लागतो; सामान्यरूपाच्या डावात प्रतिपक्ष हाच परीक्षक असतो.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सर्वच ज्ञान नियमाच्या आत बसविता येत नाही. पाढे, शुद्धलेखन, सनावळी ह्यांना केवळ सराव लागतो. हे खरे आहे. सरावासाठी सापशिडी वापरण्यास हरकत नाही, मात्र तिला सरावच म्हणावे. तिच्या जोरावर आपण ज्ञानरचना केली असे अहवालात लिहू नये. आणि जो खेळ केवळ आनंदासाठी आहे, त्याच्या गळ्यात पाठाचे ओझे बांधून त्याला वर्गात ओढू नये. मैदानावर त्याला त्याचा हक्क आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे. त्या टप्प्यासाठी नवे साहित्य, नव्या पेट्या, नवे तक्ते येतील. ते अवश्य यावेत. पण वर्ग पाहावयास जाणाऱ्याने कोपऱ्यात किती वस्तू आहेत हे मोजण्यापूर्वी एक वही मागावी, जिच्यात मुलांनी स्वतः वाद घालून लिहिलेले नियम असतील. त्या मोंढ्यातील मुलीचे नाव पटावर होतेच. तिचे वाक्य त्या दिवशी प्रथमच वहीत आले. ज्या कोपऱ्यात असे वाक्य निर्माण होते, तो वर्गाच्या कोठल्याही भिंतीला असला तरी वर्गाचे केंद्र तोच होय.