गाठोडं कुठे सोडायचं? वेबपानांच्या बंडलिंगविषयी

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसांना जावास्क्रिप्टशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. एखादी अखंड दिसणारी वस्तू कुठे कापावी आणि कुठे कापू नये, हा आमच्याच दुकानातला जुना माल आहे. (हशा) प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, की विषयाची विभागणी त्याच्या सांध्यांवर करावी, अडाणी खाटकासारखी हाडं फोडू नयेत. वेबपानं बनवणारे तरुण आज नेमकं हेच काम करतात. ते कसं करतात, आणि त्यात आम्हाला काय खटकतं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादं मोठं संकेतस्थळ म्हणजे शेकडो छोट्या फाइली असतात. एक तारीख दाखवते, एक फॉर्म तपासते, एक नकाशा काढते. या फाइली एकमेकींना ‘आयात’ करतात. सगळ्या सुट्या पाठवल्या तर ब्राउझरला प्रत्येकीसाठी वेगळी खेप करावी लागते, आणि जुन्या पद्धतीत ब्राउझर एका ठिकाणाहून एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडत असे. म्हणून वेबपॅकसारखी साधनं आली, २०१२ च्या सुमारास. ती या फाइलींचं एक गाठोडं बांधतात. त्यालाच बंडल म्हणतात. २०१५ साली एचटीटीपी-२ आलं, एकाच जोडणीवरून पुष्कळ फाइली एकदम येऊ लागल्या, आणि ‘आता गाठोडी संपली’ असं बरेच जण म्हणाले. ती संपली नाहीत. कारण सरकारी कचेरीत होतं तसंच इथेही होतं. पहिल्या खिडकीवर पोचल्याशिवाय दुसरी खिडकी कुठली ते कळत नाही, दुसरीवर गेल्यावर तिसरीचं नाव समजतं. एक फाइल वाचल्यावरच ब्राउझरला पुढची कोणती लागणार ते कळतं. गाठोडं हे हेलपाटे वाचवतं.

पण गाठोडं फुगतं. ते नुसतं उतरवून भागत नाही, फोनला ते वाचावं लागतं, समजून घ्यावं लागतं, मग चालवावं लागतं. साध्या फोनवर हा वेळ डोळ्यांना दिसतो. म्हणून दुसरी युक्ती निघाली, कोडचे तुकडे करण्याची. पहिल्या पानाला लागेल तेवढंच आधी पाठवा, बाकीचं माणूस तिथे पोचला की मागवा. आमच्या राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. आठव्या गल्लीत काम असेल तर माणूस सरळ आठवीत जातो, बाकीच्या गल्ल्या फिरून येत नाही. कल्पना इतकी साधी आहे, आणि चांगली आहे.

मग तक्रार काय? या विषयावरचं जे लेखन आम्ही वाचतो, त्यात एकच माप दिसतं, किलोबाइट. किती होते, किती कमी झाले. काय कमी झालं आणि ते कोणाचं होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. याचं एक उदाहरण आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत.

मोमेंट नावाची तारखा-वेळा दाखवणारी एक लायब्ररी होती. होती म्हणजे अजून आहे, पण सप्टेंबर २०२० मध्ये तिच्याच कर्त्यांनी सांगितलं की आता नव्या कामासाठी ती वापरू नका. एके काळी ती जिथे तिथे असे. तिच्या गाभ्यात इंग्रजी आहे. बाकीच्या शंभराहून अधिक भाषा आणि बोली ‘लोकेल’ नावाच्या फोल्डरात, प्रत्येकीची वेगळी फाइल. मराठीचीही आहे. ती फाइल उघडून बघा, बरं का, व्याकरणाच्या शिक्षकांनी बघावी अशी आहे. इंग्रजीचं काम एएम आणि पीएम एवढ्यावर भागतं. मराठीला सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री असे प्रहर लागतात. आणि आपलं सामान्यरूप! ‘पाच मिनिटे’ वेगळं आणि ‘पाच मिनिटांपूर्वी’ वेगळं. ‘पूर्वी’ जोडायचं झालं की ‘मिनिटे’चं ‘मिनिटां’ करावं लागतं. ज्यांनी ही फाइल लिहिली त्यांनी दोन्ही रूपं शेजारी-शेजारी ठेवून दिली आहेत. कोणीतरी आपल्या भाषेसाठी नीट बसून केलेलं हे काम आहे.

आता गंमत पाहा. कुठली भाषा हवी ते प्रोग्राम चालताना ठरतं. गाठोडं बांधणारं साधन प्रोग्राम चालवत नाही, फक्त वाचतं. फाइलीचं नाव आधी कळत नाही म्हटल्यावर वेबपॅक काय करायचं? त्या फोल्डरातल्या सगळ्याच भाषा आत कोंबायचं. जे शक्य आहे ते सगळं वास्तव धरून चालायचं. त्यामुळे ज्या संकेतस्थळावर मराठी माणूस कधी फिरकणार नाही, तिथेही आपली ‘सायंकाळ’ निमूटपणे जाऊन बसत होती. हे लक्षात आल्यावर उपाय निघाला तो दुसऱ्या टोकाचा. दोन ओळींची सूचना द्या आणि लोकेलचं सगळं फोल्डर गाळून टाका. ही सूचना एका प्रकल्पातून दुसऱ्यात नकलून घेतली जाण्यासारखी होती. किलोबाइट घटले. पण मराठी पानासाठी बांधलेल्या गाठोड्यातही ती तशीच राहिली, तर काय होतं? लायब्ररी पान मोडत नाही. मुकाट्याने इंग्रजीत बोलू लागते. सगळं पान मराठीत आणि बातमीखाली मात्र ‘फाइव्ह मिनिट्स अगो’. पान उघडतं आहे, वेगही चांगला आहे, मग चूक शोधायला कोण जाणार?

दोन्ही वेळा कापण्याची जागा चुकली. खरा सांधा वाचकाच्या भाषेपाशी होता. वाचक मराठी असेल तर मराठीची एकच फाइल मागवा, बाकी नको. हे करता येत होतं आणि आज आणखी सोपं आहे. २०२० च्या प्रमाणीकरणात चालत्या प्रोग्राममधून आयात करण्याची सोय अधिकृत झाली. शिवाय तारखांची भाषा आता ब्राउझरच्याच पोटात असते, गाठोड्यात बांधावीही लागत नाही.

बरोबर जागी कापल्याचं उदाहरणही देतो, नाहीतर आम्ही नुसते कुरकुरणारे ठरू. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फॉन्ट आहे. तिथे त्याचे लिपीप्रमाणे तुकडे केलेले असतात, रोमन वेगळा, देवनागरी वेगळा. पानावर देवनागरी अक्षर असेल तरच ब्राउझर तो तुकडा मागवतो. जपानी फॉन्टचे तर त्यांनी शंभराहून अधिक तुकडे केले आहेत. मग देवनागरीचे का करत नाहीत? कारण आपलं अक्षर शेजाऱ्यावाचून पुरं होत नाही. ‘लक्ष्मीपुरी’ हा शब्द घ्या. त्यातल्या ‘क्ष्म’ला स्वतंत्र क्रमांक नाही, तो क, ष, म आणि मधल्या हलन्तांतून फॉन्टच्या आत घडतो. क एका तुकड्यात आणि ष दुसऱ्यात ठेवला तर जोडाक्षर जुळणारच नाही, पाय मोडलेली अक्षरं दिसतील. ‘राजारामपुरी’त जोडाक्षर नाही, ती कदाचित निभावून जाईल, लक्ष्मीपुरीचे मात्र हाल. (हशा) म्हणजे इथे न कापणं हेच शहाणपण आहे, आणि ते लिपी पाहिल्याशिवाय सुचत नाही.

नैयायिक आणि बौद्ध यांचा वाद काहींना आठवत असेल. धाग्यांहून कापड वेगळं आहे, असं नैयायिक म्हणत, तर बौद्धांच्या मते वेगळं काही नाही, तो संघात आहे. तुकडे करणारी साधनं बौद्ध आहेत, त्यांना गाठोडं म्हणजे ढीग वाटतो. बहुतेकदा तो असतोही. पण एकच लायब्ररी दोन तुकड्यांत दोनदा गेली, की एकीने लक्षात ठेवलेलं दुसरीला ठाऊक नसतं, आणि मग कापड फाटल्याचं कळतं. याहून जास्त हा वाद आज ताणत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिची झळ थेट माणसाला लागते. तुकड्यांची नावं त्यांच्या मजकुरावरून ठरवण्याची पद्धत आहे. मजकूर बदलला की नाव बदलतं. समजा, एक मुलगी प्रवेशाचा लांबलचक फॉर्म भरते आहे. चौथ्या पायरीचा तुकडा अजून आलेला नाही, कारण तो ‘नंतर’ यायचा आहे. तेवढ्यात तिकडे नवी आवृत्ती चढवली आणि जुने तुकडे पुसून टाकले. ती ‘पुढे’ दाबते, ब्राउझर जुन्या नावाने तुकडा मागतो, आणि तो आता नाही. गल्ल्यांचे क्रमांक रातोरात बदलावेत आणि पोस्टमनच्या हातात जुनाच पत्ता असावा, तसं. पान थिजतं. ताजं करावं तर भरलेलं जातं. अखंड गाठोड्यात हे झालं नसतं, सगळं आधीच हाती असतं. जुने तुकडे काही दिवस तसेच ठेवा, भरलेलं वरचेवर जतन करा, एवढाच यावर उपाय आहे, पण तो किलोबाइटांच्या तक्त्यात दिसत नाही.

श्रोत्यांत जे हे काम करतात त्यांना आमची एक विनंती. आपलं पान ऑफिसच्या वेगवान जोडणीवर तपासू नका. ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत नेटवर्क मुद्दाम मंद करता येतं, ते करा, भाषा मराठी निवडा, आणि काय कोणत्या क्रमाने येतं ते लिहून काढा. फॉन्ट यायचा असेल तर काही ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूर दाखवतच नाहीत, तेवढा वेळ जाहिरातीची हलती पट्टी मात्र फिरताना दिसेल. तो कागद घेऊन पुढच्या वेळी या, प्रश्नोत्तरं त्यावरच करू.