फ्रेंच-मराठी अनुवाद : जाताना थेट, येताना वळसा

बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत पोहोचली आणि आमचे गाव वारीच्या वाटेला आणखी जवळचे झाले. या भागात तुकोबा पुस्तकातून कळण्याआधी कानावर पडतात. त्याच तुकोबांच्या निवडक अभंगांचा फ्रेंच अनुवाद 1956 मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने काढला. अनुवादक गी दलरी हे पुण्यात राहून मराठी शिकलेले जेझुइट धर्मगुरू. विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा अभ्यासग्रंथ 1960 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. अनुवादामागे संप्रदायाची अशी समज उभी होती.

गी पॉइटवाँ यांचे काम याच जातकुळीचे. ते पुण्यात स्थायिक झाले, भारतीय नागरिक झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. तो अनुवाद 1990 मध्ये आला. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या. दळणाऱ्या बाईचा शब्द ऐकण्यात आयुष्य घालवलेला माणूस ‘बलुतं’ची भाषा हाताळतो, तेव्हा शब्दकोशात न सापडणारे पुष्कळ काही त्याच्यापाशी असते.

आता उलट बाजू पाहू. फ्रेंच साहित्य मराठीत सर्वाधिक रुजले ते रंगभूमीवर. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ लिहिले, अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’. ही रूपांतरे टिकली, कारण भोंदू वैद्य आणि कंजूष बाप आपल्याकडे आधीपासूनच होते. फक्त त्यांना मराठी बोली द्यायची होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांच्या हाती दिला, तोही असाच मोकळेपणाने. गोष्टीचा वेग जपला की तिथे निम्मे काम होते.

कादंबरी आणि वैचारिक गद्याला मात्र ही सवलत नाही. फ्लोबेरच्या वाक्याची लय गेली तर मागे फक्त कथानक उरते. आपल्याकडे फ्रेंच गद्य बहुधा इंग्रजीच्या आधाराने येते आणि इंग्रजीत गळलेले पुढे कुणालाच भरून काढता येत नाही. सिमोन द बोव्हारच्या ‘द सेकंड सेक्स’चा 1953 चा इंग्रजी अनुवाद मुळात बरीच काटछाट करून केलेला होता, संपूर्ण इंग्रजी पाठ वाचकांना 2009 मध्ये मिळाला. मधले अर्धे शतकभर इंग्रजीतून वाचणाऱ्यांना तुटके पुस्तकच पूर्ण वाटत राहिले. करुणा गोखले यांनी हा ग्रंथ मराठीत आणला, याचे मोल मला फार वाटते; बार्शीसारख्या ठिकाणच्या वाचकाला बोव्हार भेटते ती अशा श्रमांमुळेच. म्हणून इंग्रजीवरून केलेल्या अनुवादांना नाक मुरडणे हा कृतघ्नपणा होईल. पण त्यावरच समाधान मानणे हा आळस आहे.

पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणारी मुले भरपूर आहेत. त्यांतले बहुतेक गुणांसाठी किंवा नोकरीसाठी शिकतात, कारण अनुवादावर पोट भरत नाही. पॉइटवाँ-राईरकर जोडीचा धडा इथे उपयोगी पडावा : एक जण मूळ भाषेत मुरलेला, दुसरा मराठी गद्यात. अशा जोड्यांना प्रकाशकांनी आणि साहित्य संस्थांनी दोन-तीन वर्षांचे मानधन देऊन एकेक कादंबरी सोपवावी. दलरी आणि पॉइटवाँ यांनी आपल्या भाषेला इतकी वर्षे दिली; फ्रेंचला तेवढा वेळ देणारे मराठी अनुवादक घडवणे आपल्याला मुळीच अशक्य नाही.